सव्वा तासाचं माहेर

आमच्या खानदेशात लेक माहेरी एकटी येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर चुलतभाऊ, तोही नसला तर गल्लीतला कुणीतरी शहाणासुरता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर हा नेम मोडायचाच नाही. मुऱ्हाळी आला नाही तर लेकीनं सासरच्या ओट्यावर बसून वाट बघावी, डोळे पुसावेत, पण आपण होऊन पिशवी उचलू नये. कारण लेक एकटी एसटीतून उतरली की गाव समजून जातं, भांडून आली. मग दिवस मावळायच्या आत चार बायका वाटी घेऊन साखर मागायला येतात आणि साखर न घेताच परत जातात.

माझं माहेर एरंडोलजवळच्या एका खेड्यात आणि सासर धुळ्याला. एकाच हमरस्त्यावरची दोन गावं. माझा धाकटा भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून माझा मुऱ्हाळी. सकाळच्या एसटीनं धुळ्याला यायचा, माझ्या सासूबाईंच्या हातचं दोन ताटं जेवायचा आणि दुपारच्या गाडीनं मला घेऊन निघायचा. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली की तो दारात गर्दी करणाऱ्यांकडे बघायचासुद्धा नाही. खिडकीखाली जाऊन टाचा उंचावायचा आणि हात आत घालून शीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की शीट आपली. त्या कायद्याला आव्हान देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मग मी ऐटीत चढायचे आणि पारोळ्याच्या पुढं एक झोप होते न होते तोच एरंडोल यायचं. सव्वा तास, फार तर दीड.

धुळ्यात मी ब्लाउज शिवायचे. तीसेक वर्षं शिवले. अर्ध्या धुळ्यातल्या बायकांच्या पाठीचं माप माझ्या डोक्यात होतं, आणि माझ्या स्वतःच्या पाठीकडे बघायला मला सवड नव्हती. मशीनवर वाकून वाकून शेवटी मणक्यानं हात टेकले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, एका बैठकीला दीड तास. त्यापुढे उठायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. मशीन विकलं. मुलाची नोकरी पुण्यात, त्यानं आम्हा दोघांना तिकडे नेलं. आमचे हे खूश, कारण त्यांना बागेत चालायला मित्र मिळाले. मी पुण्यात वाईट होते असं नाही. पण मुलाच्या पाचव्या मजल्यावरून मला काही दिसायचं नाही, म्हणजे जे बघायचं होतं ते दिसायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला हट्टानं रेल्वेनं गेले. झोपूनच जायचं आहे, मग काय बिघडतं, असं मीच सगळ्यांना पटवलं होतं. बर्थवर आडवी झाले खरी, पण गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी कंबरेतून कळ निघायची. जळगावला भावानं आणि त्याच्या मुलीनं मला धरून उतरवलं. आखाजीचा सण मी माहेरच्या खाटेवर छताकडे बघत काढला. बाहेर निंबाला झोका बांधलेला, बायका गाणी म्हणतायत, आणि मी आत शेक घेतेय. माझे वडील, आबा, माझ्या उशाशी बसून होते. ते नव्वदीला आलेत, पण आवाज खणखणीत. त्या दिवशी मात्र फार हळू बोलले. "माय, आते तू नको येत जाऊ. आम्हीच येत जाऊत तुनाकडे."

त्यांनी ते मायेनं म्हटलं, हे मला कळत होतं. तरी मला ते लागलं. असं लागलं की पाठीची कळ विसरले. ज्या बापानं सासरी धाडताना सुद्धा 'आखाजीला मुऱ्हाळी धाडतो' असं सांगून मला गप्प केलं होतं, तो आता म्हणत होता, येऊ नको. मला न्यायला आलेल्या मुलानं तर परतीच्या वाटेवरच जाहीर केलं, आई, आता हे शेवटचं. मागच्या आखाजीला मी गेले नाही. पुण्यात पुरणपोळ्या केल्या, आमरस केला आणि दिवसभर सगळ्यांवर चिडचिड केली. आमच्या ह्यांनी रसात वेलची कमी आहे म्हटलं तर त्यांच्या पुढ्यातली वाटीच उचलून नेली.

यंदा चैत्रात मुलगा जेवताना सहज म्हणाला की जळगावला आता पुण्याहून विमान जातं. आठवड्यातले ठरावीक दिवस. मी विचारलं, लांब किती पडतं? त्यानं फोन चाचपला. रस्त्यानं चारशेच्या घरात, पण विमान सरळ जातं, त्यामुळे सव्वातीनशेसुद्धा नाही. "आणि वेळ?"

"सव्वा तास."

मी हातातला घास ताटात ठेवला. सव्वा तास म्हणजे धुळे ते एरंडोल. म्हणजे मी सासरी होते तेव्हा माहेर जितकं लांब होतं तितकंच. मधे एवढी वर्षं गेली, घर गेलं, गाव गेलं, पाठ गेली, आणि माहेर फिरून सव्वा तासावर येऊन बसलं होतं. मी म्हटलं, तिकीट काढ.

मुलगा सरळ हो म्हणेल तर तो माझा कसला. त्यानं हिशेब मांडायला घेतला. घरून विमानतळ एवढा वेळ, आत तपासणी एवढा, वाट बघणं एवढं, मग विमान, मग जळगावहून पुढे गाडी. "आई, सव्वा तास फक्त हवेतला. घरापासून घरापर्यंत धर." मी म्हटलं, धर ना. घरापासून विमानतळ मी बसेन. तिथे उभी राहीन. डॉक्टरांनी बसायला मनाई केली आहे, उभं राहायला कुणी केली? मग विमानात सव्वा तास बसेन. दीड तासाची मुभा आहे, म्हणजे वर थोडा वेळ शिल्लक. जळगावला उतरून पुन्हा उभी राहीन, आणि एरंडोलच्या रस्त्याला एक चहाला थांबू. आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "वकील व्हायला पाहिजे होतं हिनं." मुलगा हसला आणि तिथेच हरला. पण त्यानं एक अट घातली. तू एकटी जायचं नाहीस. सोबत कुणीतरी पाहिजेच. आणि तिकडून आबांचा निरोप आला तोही तोच, मुऱ्हाळी आल्याशिवाय निघायचं नाही.

भाऊ फोनवर म्हणाला, मी येतो ना. विमान असो नाहीतर रेडा, बहिणीला आणायला मीच येणार. तिकिटंही मीच काढतो, मुऱ्हाळ्याचा मान आहे तो. भाऊ केळीवाला शेतकरी. एकदा शेतकऱ्यांच्या सहलीत विमानात बसून आला होता, त्यामुळे विमानातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. माझं तिकीट त्यानं मुलाच्या फोनवर धाडलं. त्याचं स्वतःचं काय, कसं, ते सांगितलं नाही. मी विचारलं, आदल्या दिवशी येतोस ना मुक्कामाला? तर म्हणाला, केळीची कटाई आहे, व्यापाऱ्याची गाडी लागलेली आहे, त्याच दिवशी येईन. तू आत येऊन थांब, आपण विमानातच भेटू. मला वाटलं, हा सकाळी बसनं उतरेल आणि परस्पर विमानतळावर येईल. मुलालाही तसंच वाटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मामाच्या भरवशावर मुलगा मला विमानतळाच्या दारापर्यंत सोडून ऑफिसला पळाला. मी आत गेले, तपासणी झाली, आणि विमानाची वाट बघायच्या मोठ्या दालनात जाऊन उभी राहिले. उभं राहणाऱ्या बाईकडे तिथे लोक फार संशयानं बघतात. एकानं उठून जागा दिली. मी नको म्हटलं. दुसऱ्यानं दिली. तिसऱ्या पोरीनं तर हाताला धरून बसवायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, बाई, मला बसायचे मोजके तास मिळालेत, ते मी विमानासाठी राखून ठेवलेत. ती जरा लांब जाऊन बसली.

भावाचा पत्ता नव्हता. फोन लावला तर बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा मी त्याला मनातल्या मनात लहानपणीच्या सगळ्या शिव्या घालत होते तेवढ्यात त्याचाच फोन आला. मागे कसलातरी घोंघाट.

"अक्का, तू चिंता करू नको. मी इमानमा शे. आतेच उतरनं आमनं इमान."

मला काही कळेना. हा विमानात आहे तर ते विमान कुठलं? काचेतून पाहिलं तर लांब एक लहानसं पंख्याचं विमान येऊन उभं राहिलं होतं. जिना लागला होता, माणसं उतरत होती. मग सगळा उलगडा झाला. हा जळगावहून त्याच विमानात बसून आला होता. तेच विमान अर्ध्या तासात आम्हाला घेऊन परत जळगावला जाणार होतं. आणि माझ्या भावानं त्याच परतीच्या विमानाचं स्वतःचं तिकीट काढलं होतं. म्हणजे मुऱ्हाळ्यानं खाली उतरायचंच नाही. तो आत बसून राहणार, मी चढणार, आणि विमान वळणार. धुळ्याच्या स्टँडवर एसटी वळायची तसं.

"मनी शीट धरेल शे," तो उत्साहात सांगत होता. "तुनी बी बाजूनी. रुमाल टाकेल शे."

मी म्हटलं, अरे, उतरायला लागतं. बाहेर जाऊन पुन्हा तपासणी करून यायला लागतं. हे मलाही नुकतंच कळलं होतं, तासाभरापूर्वी, पण मी ते पिढीजात शहाणपणाच्या सुरात सांगितलं. तो म्हणाला, छे, तिकीट आहे ना माझं. तेवढ्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला, मग आणखी एका माणसाचा, मग पुन्हा भावाचा, आता जरा चढलेला. "अक्का, हाई पोरगी माले खाले उतर म्हनस! बठ्ठा उतरी ग्यात, मीच एकला ऱ्हायनू. आरे, माले याच इमानमा परत जानं शे!"

काचेतून मला दिसलं. सगळ्यात शेवटी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि मान आत वळवून कुणालातरी काहीतरी पटवत होता. मग तो हळूहळू उतरला. खाली उभ्या असलेल्या बसमध्ये चढला. बस निघून गेली. भाऊ माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आला आणि विमानतळाच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडला.

पुढचं सगळं फोनवर. बाहेरून पुन्हा आत यायला तो धावला तर दारावर सांगितलं, या विमानाची वेळ संपली, आता आत घेता येत नाही. त्यानं विनवलं. आपण मुऱ्हाळी आहोत हे सांगितलं. ते त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याला काय कळणार, त्यानं म्हणे विचारलं की हा कुठला पास असतो. इकडे माझ्या दालनात जळगावची हाक सुरू झाली होती. माणसं रांगेत उभी राहिली. पुढचं विमान दोन दिवसांनी, म्हणजे आखाजी झाल्यावर.

"अक्का, तू बी बाहेर ये," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आपन रातनी बसमा जाऊत. एकलीले धाडी दिनी तं आबा माले घरमा घेतीन का?"

बसमध्ये. रात्रभर. माझ्या पाठीनं. तो बोलून गेला आणि लगेच त्यालाही कळलं. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, आई, तू तिथेच थांब, मी गाडी वळवतो, घरी जाऊ. पुढच्या वर्षी बघू. आमच्या ह्यांना लावला. पलीकडे पेपराची घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

या माणसाबरोबर संसार केला त्याला चाळीस वर्षं होत आली, पण हा प्रश्न त्यांनी मला इतक्या सरळ कधी विचारला नव्हता. मला काय वाटत होतं? मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू. विमानाची नाही. माझी मलाच. जन्मभर मला कुणीतरी आणलं होतं आणि कुणीतरी सोडलं होतं. बापानं सासरी सोडलं, भावानं माहेरी आणलं, नवऱ्यानं परत नेलं, मुलानं पुण्याला आणलं. मी शिवलेले ब्लाउज माझ्यापेक्षा जास्त वेळा एकटे गावोगाव गेले असतील. आणि गेल्या दोन वर्षांत सगळ्यांनी मिळून मला एवढं सांभाळलं होतं की आपण जिना उतरतो तेही कुणाच्या परवानगीनं उतरतो, असं मला वाटू लागलं होतं. आत्ता परत फिरले असते तर पुढच्या वर्षी 'बघू' झालं असतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणी बोललंही नसतं. माझं माहेर तिथे त्या दालनातच संपलं असतं.

रांगेच्या टोकाशी उभी असलेली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही जळगाव का? दार बंद होतंय. तुमच्याबरोबर कुणी आहे?"

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

भावाला सांगितलं, "तू घर जा. दाजीना संगे जेव. मी जाई ऱ्हायनू." तो काही म्हणायच्या आत फोन बंद केला. तसा विमानात बंद करावाच लागतो, पण मी जरा लवकर केला.

विमानात चढले तर माझ्या शीटच्या शेजारी खिडकीशी भावाचा निळ्या चौकटीचा रुमाल नीट घडी करून ठेवलेला. सेवेला असलेली मुलगी हसू दाबत म्हणाली, "एका काकांनी सीट धरून ठेवली होती. हात लावू नका म्हणून सांगून गेलेत." मी तिला म्हटलं, त्या काकांची बहीण मीच. मग मी रुमाल उचलला आणि खिडकीशी बसले. हा प्रवास मुऱ्हाळ्याच्या रुमालाबरोबर होता, असं आबांना सांगता येईल, असंही एकदा मनात आलं. पण मग म्हटलं, नाही, आबांना खरं तेच सांगायचं.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. पुण्याची घरं बारीक झाली, डोंगर आले, धरणाचं पाणी चमकून गेलं. मग बराच वेळ नुसती उन्हाळ्यातली उघडी जमीन, भाजलेल्या भाकरीच्या रंगाची. मी पाठीकडे लक्ष ठेवून होते. आता दुखेल, मग दुखेल. थोडी अवघडली, एवढंच. शेजारची जागा रिकामी होती म्हणून जरा कलून बसता आलं, त्याबद्दल भावाला मनातून दुवा दिला. मग खाली अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ आली, ती ओलांडली, आणि एकदम हिरवे चौकोन दिसायला लागले. एक, मग दोन, मग सगळीकडे. केळीचे मळे. वैशाखात दुसरं कुठलं पीक इतकं हिरवं राहतं? मी खिडकीला नाक लावून बघत बसले आणि मला रडू आलं. त्या सेवेच्या मुलीनं पाणी आणून दिलं. काकू, भीती वाटतेय का, म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, मला फार आनंद झालाय, थांब जरा.

जळगावला दार उघडलं आणि तोंडावर तो ओळखीचा भपकारा आला. त्या उन्हाला लोक किती नावं ठेवतात. मी जिन्यावर उभी राहून ते पोटभर आत घेतलं. माझी मी जिना उतरले, कठडा धरून, एक एक पायरी, मागच्यांना थांबवून. सव्वा तासाला दोन-चार मिनिटं कमीच भरली होती.

बाहेर भाची, म्हणजे भावाची मुलगी, गाडी घेऊन उभी होती. ती कॉलेजात शिकते आणि गाडी भावापेक्षा बरी चालवते. माझ्या मागे बघत राहिली. "आत्या, पप्पा?"

"पुण्यात," मी म्हटलं. "तुझ्या मामांच्या... नाही, तुझ्या आत्याच्या नवऱ्याच्या हातची खिचडी खातोय." माझी जीभ आनंदानं अडखळत होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली. एरंडोलच्या रस्त्याला एका टपरीवर आम्ही ठरल्याप्रमाणे थांबलो. मी उभ्यानं चहा प्यायले, आणि चहा चांगला नव्हता तरी दुसरा मागवला.

गावात गाडी शिरली तेव्हा उन्हं उतरली होती. पोरींनी निंबाला झोके बांधून ठेवले होते. शेजारची काकू आमच्या दाराशीच उभी, जणू तिला कुणी नेमलं होतं. मी उतरले, तिनं गाडीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय व माय, एकलीच ऊनी? भाऊ नही ऊना लेवाले?"

"ऊना व्हता ना," मी म्हटलं. "तो तठेच ऱ्हायना."

ती तशीच आपल्या घराकडे वळली. अशा उत्तरासाठी गावाकडे काही तयार नव्हतं. ती वाटी आणायला गेली असावी.

आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला पायरी चढताना पाहिलं. कुणी धरलेलं नव्हतं. त्यांची नजर माझ्या पाठीमागे भावाला शोधत होती, आणि कपाळावर तीच जुनी आठी चढायला लागली होती. साठीला आलेली बाई मी, पण त्या आठीपुढे माझं वय चालत नाही. मी पाया पडले, म्हणजे पडल्यासारखं केलं, फार वाकता येत नाही. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रुमाल, जिना, पहारेकरी, बंद होणारं दार, सगळं.

आबांनी ऐकून घेतलं. "कितला येळ लागना तुले?"

"सव्वा तास, आबा."

"दुखनं का?"

"नाही दुखलं."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. हसता हसता खोकला आला, भाचीनं पाणी दिलं, तो तांब्या तसाच हातात धरून ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुऱ्हाळी हरपना, आनि आंडेर सापडनी!" आंडेर म्हणजे आमच्याकडे लेक. शेजारच्या काकूनंही ते ऐकलं, दोन घरं पलीकडच्यांनीही ऐकलं. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की अक्का पुण्याहून एकटी, विमानानं आली, आणि भाऊ तिकडे राहिला. भांडून आली, असं कुणी म्हटलं नाही. चार बायका आल्या खऱ्या, पण वाट्या न घेता आल्या आणि विमानात पाय सोडता येतात का ते विचारत बसल्या. मी उभी राहून उत्तरं दिली. आबांनी मधेच आतून हुकूम सोडला, "आते पुढे मुऱ्हाळी धाडाना नही. तिकीट धाडानं."

तिकडे पुण्यात भावाला आमच्या ह्यांनी खरंच खिचडी करून घातली. आपल्या आयुष्यातला पहिला मुऱ्हाळी त्यांनी स्वतः जेवू घातला, आणि खिचडी खाली लागली होती हे दोघांनीही मला वेगवेगळं फोन करून सांगितलं. मग मुलानं मामाला रात्रीच्या बसमध्ये बसवून दिलं.

आखाजीच्या सकाळी घरात गडबड होती. पितरांची पाण्यानं भरलेली घागर मांडायची, तिच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या तळायच्या. वहिनी चुलीशी, आबा अंघोळीला. भाची गाडीची किल्ली घेऊन निघाली. पप्पांची बस एरंडोलला येतेय म्हणाली. मी पदर खोचून डांगर धूत होते. ते ताटात ठेवलं आणि म्हटलं, थांब, मी येते.

एरंडोलच्या स्टँडवर सकाळीच ऊन तापलं होतं. मी एका खांबाच्या सावलीत उभी राहिले. बस आली. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी भाऊ उतरला, एक हात कंबरेवर, एक दाराच्या दांड्यावर, डोळे तांबारलेले, सदऱ्याचा पार बोळा झालेला. त्यानं आधी मुलीला पाहिलं, मग मला. तसाच उभा राहिला.

मी पुढे झाले. "चाल भाऊ. तुले लेवाले ऊनू."

मोठ्या बहिणीच्या पाया पडायला म्हणून तो वाकायला गेला आणि मधेच अडकला. रात्रभराच्या बसनं त्याची पाठ धरली होती. तसाच अर्धा वाकलेला, "अक्का, माले माफ कर," म्हणून हसायला लागला, की रडायला, मला नीट कळलं नाही. मी त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं.

"राहू दे," मी म्हटलं. "पाठ सांभाळ."

आणि त्याचा हात धरून मी त्याला घरी घेऊन आले.